व्याह्याने धाडलेले घोडे: परदेशी मदतीचा मेळ कसा घालावा

2005 साली व्हिएतनाममध्ये मदत देणाऱ्या देशांची आणि संस्थांची 791 शिष्टमंडळे येऊन गेली. सुट्ट्या वगळल्या तर कामाच्या दर दिवशी तीन. प्रत्येकाला सचिवांची वेळ हवी, सादरीकरण हवे, एखाद्या जिल्ह्याचा दौरा हवा आणि परत गेल्यावर त्यांच्याच नमुन्यात भरलेला अहवाल हवा. ज्या अधिकाऱ्याने शाळा, दवाखाने आणि कालवे चालवायचे, तो दिवसभर पाहुणे सांभाळतो. मदत अपुरी पडल्यामुळे कामे अडली, असे पुष्कळ लिहिले जाते. मदत सांभाळता सांभाळता कामे अडली, हे फारसे लिहिले जात नाही.

‘घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. घोड्यात खोट नसते. पण त्याला बांधायचे कुठे आणि चंदी कोणी घालायची, हे व्याह्याने विचारलेले नसते. हा लेख घोडे पाठवणाऱ्यांसाठी आहे, तसाच ज्यांच्या दारात ते येऊन उभे राहते त्यांच्यासाठीही. तुम्ही संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेत, विकास बँकेच्या प्रकल्पात किंवा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेत असाल, किंवा राज्य सरकारात बाह्यसाहाय्यित प्रकल्पाचे नोडल अधिकारी असाल, तर पुढच्या गोष्टी तुमच्या रोजच्या कामातल्या आहेत. शिवाय भारत आता घेणारा कमी आणि देणारा जास्त होत चालला आहे. परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारा ‘आयटेक’ कार्यक्रम 1964 पासून सुरू आहे आणि 2012 मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीसाठी वेगळा विभाग झाला. तेव्हा व्याह्याच्या भूमिकेतून विचार करण्याची वेळ आपल्यावरही आलेलीच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: समन्वय साधायचा तर प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते. स्वतःचा नमुना, स्वतःचे वेळापत्रक, आवडता जिल्हा, दारावरचा फलक, यांपैकी काहीच न सोडता सगळे बैठकीतून उठले, तर चहापान झाले एवढेच म्हणायचे.

सह्या झाल्या, पुढे काय?

2 मार्च 2005 रोजी पॅरिसमध्ये देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून एक जाहीरनामा मान्य केला. त्यात पाच तत्त्वे होती. विकासाची दिशा त्या देशाने स्वतः ठरवावी. देणाऱ्यांनी त्या देशाच्या योजना आणि यंत्रणा वापराव्यात. देणाऱ्यांनी आपापसांत कार्यपद्धती जुळवून घ्याव्यात. कामाचे फलित मोजावे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना हिशोब द्यावा. 2010 पर्यंत गाठायची 13 लक्ष्येही ठरली. 2011 च्या पाहणीत जागतिक पातळीवर त्यांतले एकच गाठल्याचे दिसले: तांत्रिक साहाय्यातला समन्वय. बाकीची बारा हुकली.

तत्त्वांशी वाद कोणाचाच नव्हता. पण ती पाळायची म्हणजे मुख्यालयातला कोणीतरी आपला अधिकार कमी करून घेणार, आणि तिथेच गाडी अडली. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते जाहीरनाम्यांविषयी नाही. टेबलावर बसून काय करता येते, त्याविषयी आहे.

पैशाची वाट आधी तपासा

नव्या प्रकल्पावर रुजू झालात की पहिल्या आठवड्यात चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढा. हे काम त्या देशाच्या राष्ट्रीय योजनेत आहे का? त्याचा पैसा संसदेपुढच्या अर्थसंकल्पात दिसतो का? तो सरकारी कोषागारातून जातो का? त्याचे लेखापरीक्षण त्या देशाचा महालेखापरीक्षक करतो का? एका प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की बाकीचीही ‘हो’ असणार, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात योजनेत नाव असलेले काम अर्थसंकल्पात सापडत नाही, आणि अर्थसंकल्पात दाखवलेला पैसा कोषागाराला वळसा घालून जातो. जिथे उत्तर ‘नाही’ येईल, तिथे सरकारला त्या पैशाची खबर कशी मिळेल याची सोय तुम्हीच करायची आहे.

मग सह्या कोणाच्या लागतात ते पाहा. बहुतेक देशांत पैशाचा करार अर्थ मंत्रालय करते आणि काम आरोग्य, शिक्षण, पाटबंधारे अशा संबंधित खात्याकडे असते. खात्यातला एखादा उत्साही अधिकारी भेटला की अर्थ मंत्रालयाला बाजूला ठेवून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरा. प्रकल्प संपल्यावर पगार आणि देखभालीचे बिल अर्थ मंत्रालयाच्याच दारात जाणार असते, आणि ज्याला विचारले नाही तो ते बिल सहसा भरत नाही.

भारतात जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा जपानची जायका यांचे राज्यांसाठीचे प्रस्ताव केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागामार्फतच जातात. स्वयंसेवी संस्थांची वाट वेगळी, विदेशी अंशदान नियमन कायद्याची. त्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने समन्वयाचा एक जुना साचाच मोडला. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन गावोगावच्या छोट्या संस्थांना वाटून देत असे. आता परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळता करायला मनाई आहे, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्यामुळे अनेक संस्थांचा एकत्र प्रकल्प आखताना आधी कायदा पाहा, प्रस्ताव नंतर लिहा.

नोंदवही एकच हवी

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इंडोनेशियाच्या अचेह प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसे गेली. मदतीला शेकडो संस्था धावल्या, आणि कोणत्या गावात कोण काय बांधते आहे याचा थांग लागेना. एप्रिल 2005 मध्ये सरकारने पुनर्वसन आणि पुनर्बांधणीसाठी ‘बीआरआर’ ही स्वतंत्र संस्था उभी केली. माजी मंत्री कुंतोरो मांगकुसुब्रोतो तिचे प्रमुख होते. संस्था थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी होती आणि तिचे मुख्य कार्यालय जकार्तात न ठेवता बांदा अचेहमध्ये, म्हणजे जिथे पडझड झाली तिथेच, थाटण्यात आले. मुदत चार वर्षांची. एप्रिल 2009 मध्ये ती ठरल्याप्रमाणे बंदही झाली.

तिच्या कामातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. काम सुरू करण्याआधी प्रत्येक संस्थेने छोटे टिपण देऊन बीआरआरची मंजुरी घ्यायची होती. आणि प्रकल्पांची नोंद एका सामाईक माहितीकोशात ठेवली जात होती. घराचे प्रमाण माप 36 चौरस मीटर धरले होते. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण एका संस्थेचे घर ऐसपैस आणि शेजारच्या वस्तीत दुसरीचे खुराड्याएवढे झाले की भांडण संस्थांमध्ये न लागता गावात लागते. बीआरआरची एक अडचणही ध्यानात ठेवावी. घरांचे काम रेंगाळू लागल्यावर ती स्वतःच मोठ्या प्रमाणावर बांधकामात उतरली. बांधणारा आणि बांधकामावर देखरेख ठेवणारा एकच झाला की देखरेख सैल पडण्याचा धोका असतो. शक्य असेल तिथे ही दोन कामे वेगळी ठेवा.

मापाचा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने राबवलेल्या कार्यक्रमात 52 गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. काही गावे स्वयंसेवी संस्थांनी आणि देणगीदारांनी दत्तक घेतली. सरकारने घरांची मापे जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फूट अशी ठरवली. माप ठरल्यामुळे मदत करणाऱ्यांच्या हौसेला लगाम बसतो, हा त्याचा फायदा. पण जमिनीवरून घर ठरल्याने जुन्या गावातली उतरंड नव्या गावातही उभी राहिली. म्हणून सामाईक निकष ठरवताना तो कोणाच्या बाजूला झुकतो आहे, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारा.

नोंदवहीत काय असावे? कबूल केलेली रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि खर्च झालेली रक्कम असे तीन वेगळे रकाने. ‘इतके कोटी दिले’ ही बातमी बहुधा पहिल्या रकान्यातली असते आणि लोक ती तिसऱ्यातली समजतात. काम कुठे चालले आहे हे जिल्ह्यावर न थांबता तालुका किंवा गावापर्यंत लिहा. माहिती कोणी आणि कोणत्या तारखेला भरली तेही लिहा. सर्वांत चुकवला जाणारा रकाना वर्षाचा. भारत, ब्रिटन आणि जपान यांचे सरकारी आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे ऑक्टोबर ते सप्टेंबर. टांझानिया, रवांडा आणि बांगलादेशाचे जुलै ते जून. नेपाळचे जुलैच्या मध्यापासून. ‘2025 ची मदत’ असे नुसते लिहिले की या सगळ्यांची बेरीज चुकते. घेणाऱ्या देशाचे वर्ष प्रमाण माना आणि देणाऱ्यांनी आपले आकडे त्यात बसवून द्यावेत. त्यांनी सोडायच्या गोष्टींतली ही सगळ्यात स्वस्त.

कोण कुठे, आणि कोण कुठे नाही

आरोग्यात दहा संस्था आणि पाणीपुरवठ्यात एकही नाही, हे चित्र अनेक देशांत दिसते. लस घेणारे बाळ छायाचित्रात छान येते, गटाराची वाहिनी येत नाही. रवांडाने 2010 मध्ये यावर सरळ उपाय केला. देणाऱ्यांची क्षेत्रवार विभागणी केली आणि एका देणगीदाराने साधारण तीन क्षेत्रांपुरतेच राहावे असा नियम घातला. काहींना वर्षानुवर्षांचे क्षेत्र सोडावे लागले आणि कुरबुरीही झाल्या. पण कोणी कुठे राहायचे हे सरकारने ठरवले, म्हणून वाटणी झाली. देणाऱ्यांना आपापसांत ठरवा म्हटले असते, तर आरोग्य सोडायला कोण तयार झाले असते?

तुम्ही संस्थेच्या बाजूला असाल, तर क्षेत्र सोडण्याची एक सन्मानाची वाटही आहे. पैसा त्या क्षेत्रात ठेवा आणि चर्चा, देखरेख, अहवाल हे सगळे मुख्य भागीदार असलेल्या दुसऱ्या संस्थेवर सोपवा. आपले प्रतिनिधित्व दुसऱ्याने करायचे हे मुख्यालयाच्या पचनी पडायला जड जाते, म्हणून अधिकार आणि अहवालाच्या तारखा आधीच लेखी ठरवा. सरकारच्या बाजूला असाल, तर क्षेत्रांइतकेच जिल्ह्यांकडे लक्ष द्या. विमानतळापासून दोन तासांच्या अंतरातले जिल्हे सर्वांना आवडतात. नकाशावर संस्थांची नावे मांडून तो नकाशाच बैठकीत दाखवा. मोकळे जिल्हे पाहून पुष्कळदा फार बोलावेही लागत नाही.

बैठक कोणाची, भाषा कोणाची

12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हैतीच्या राजधानीत मदत संस्थांच्या समन्वय बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, बहुतांशी इंग्रजीत होत. हैतीचे लोक क्रेओल आणि फ्रेंच बोलतात. तळाच्या फाटकातून आत जायला ओळखपत्र लागे. त्यामुळे ज्यांच्या गावांविषयी चर्चा होती त्या स्थानिक संस्थाच बाहेर राहिल्या. पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या अंतरिम आयोगाचे सहअध्यक्ष हैतीचे पंतप्रधान आणि बिल क्लिंटन होते, तरी त्याच वर्षअखेरीस आयोगाच्या हैतीच्या सदस्यांनी आपल्याला निर्णयांतून वगळले जाते अशी लेखी तक्रार केली. ऑक्टोबर 2011 मध्ये आयोगाची मुदत संपली आणि ती पुढे वाढली नाही.

यातून बैठकीचे काही साधे नियम निघतात. जागा सरकारी असावी. अध्यक्ष सरकारचा असावा आणि तो निर्णय घेऊ शकेल एवढ्या दर्जाचा असावा; दर वेळी नवा कनिष्ठ अधिकारी खुर्चीत बसणार असेल तर बैठक पुढे ढकललेली बरी. भाषा तिथल्या लोकांची असावी, दुभाष्याची गरज पाहुण्यांना पडली तर पडू दे. विषयपत्रिका आणि कागद आठवडाभर आधी जावेत. इतिवृत्तात कोण काय बोलले याची कहाणी नको. कोणता निर्णय झाला, तो कोणी, कधीपर्यंत अमलात आणायचा आणि कोणी काय सोडायचे कबूल केले, एवढेच लिहा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच यादीने करा.

वेळापत्रकाचा नमुना टांझानियाने घालून दिला. जूनमध्ये तिथल्या संसदेत अर्थसंकल्प येतो, म्हणून साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा शांततेचा काळ ठरवला गेला. त्या काळात शिष्टमंडळे येऊ नयेत आणि मोठ्या बैठका लावू नयेत, अशी विनंती देणाऱ्यांना केली गेली. आपल्याकडच्या एखाद्या विभागालाही फेब्रुवारी-मार्चमध्ये, खर्चाच्या धावपळीत, असा मोकळा वेळ मिळाला तर बरेच होईल. दौरे बंद करता येत नसतील तर एकत्र करा: चार संस्थांचा एक दौरा, एक प्रश्नावली, एक अहवाल.

एकाच थैलीतला पैसा आणि त्याची जोखीम

पैसा एकत्र करण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. वेगवेगळे प्रकल्प ठेवून फक्त माहिती एकत्र करायची. एखाद्या क्षेत्रासाठी सामाईक निधी काढायचा. किंवा पैसा थेट सरकारच्या अर्थसंकल्पात घालायचा. अचेहमध्ये 15 देणगीदारांनी मिळून असा सामाईक निधी काढला. व्यवस्थापन जागतिक बँकेकडे होते, पण त्याच्या सुकाणू समितीत बीआरआरचे प्रमुख सहअध्यक्ष होते. सामाईक निधीत सरकारची खुर्ची कुठे आहे, हा करार वाचताना शोधायचा पहिला मुद्दा.

थेट अर्थसंकल्पी साहाय्य सरकारला सर्वांत सोयीचे, आणि सर्वांत नाजूकही. मोझांबिकमध्ये एके काळी 19 देणगीदार मिळून असे साहाय्य देत होते. दर वर्षी सरकारचे मूल्यमापन होई, तसे देणाऱ्यांचेही होई. 2016 मध्ये सरकारी हमीची मोठी कर्जे संसदेपासून आणि देणगीदारांपासून लपवल्याचे उघड झाले आणि तोवर साहाय्य देत राहिलेल्यांनी एकदमच हात आखडता घेतला. रवांडालाही 2012 मध्ये शेजारच्या काँगोतील बंडखोरांना पाठबळ दिल्याच्या आरोपावरून अनेक देशांनी साहाय्य थांबवल्याचा अनुभव आला. देणाऱ्यांची एकजूट झाली की ते एकत्र येतात तसे एकत्र निघूनही जातात. समन्वयासाठी घेणाऱ्या सरकारला सोडावी लागणारी गोष्ट हीच: एकाने नाही दिले तर दुसरा देईल, ही मोकळीक.

म्हणून करार लिहिताना रकमेचा मोठा हिस्सा निश्चित आणि छोटा हिस्सा कामगिरीवर अवलंबून ठेवा. रक्कम पुढच्या आर्थिक वर्षासाठी आधीच कळवायची अट घाला. थांबवायचे झाले तर कोणत्या कारणासाठी, किती महिन्यांची सूचना देऊन, आणि पगार व औषधांसारखा खर्च कसा वाचवून, हे संबंध चांगले असतानाच लिहून ठेवा. बिघडल्यावर ते लिहून होत नाही.

माणसे पळवू नका

प्रत्येक देणगीदार आपल्या प्रकल्पासाठी स्वतंत्र कक्ष उघडतो. तिथे खात्यातलेच हुशार अभियंते आणि लेखापाल दुपटी-तिपटीच्या पगारावर येतात. प्रकल्प झोकात चालतो आणि मूळ खाते रिकामे होते. अशा समांतर कक्षांची संख्या दोन-तृतीयांशाने घटवायचे लक्ष्य पॅरिसच्या यादीत होते. ज्यांना कक्ष टाळता येत नाही, त्यांनी निदान तो खात्याच्या इमारतीत ठेवावा, प्रमुख सरकारी अधिकारी असावा आणि पगाराची कमाल मर्यादा सगळ्या संस्थांनी मिळून ठरवावी. एकट्या संस्थेने पगार कमी ठेवला तर तिला माणसे मिळत नाहीत. हा प्रश्न एकत्र बसल्याशिवाय सुटतच नाही.

चंदी कोण घालणार?

दवाखान्याची इमारत एका वर्षात उभी राहते. परिचारिकेचा पगार, जनरेटरचे डिझेल आणि छताची डागडुजी पुढची तीस वर्षे चालते. बोट्स्वानाने हे फार लवकर ओळखले. तिथे अर्थ आणि नियोजन एकाच मंत्रालयाकडे ठेवले होते. राष्ट्रीय विकास योजनेत न बसणारा प्रकल्प, पैसा फुकट असला तरी, घ्यायचा नाही, आणि घेण्याआधी त्याचा पुढचा वार्षिक खर्च मोजायचा, ही तिथली शिस्त होती. देणाऱ्यांनीही या नकाराचा राग धरला नाही. उलट बोट्स्वानाचा मान वाढला.

प्रत्येक प्रस्तावाला एक पान जोडा: प्रकल्प संपल्यानंतर दर वर्षी किती खर्च, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि त्यावर अर्थ विभागाची सही. ते पान कोरे असेल तर प्रस्ताव परत पाठवा. तुम्ही देणाऱ्यांपैकी असाल, तर ते पान स्वतःहून मागा.

हिशोब दोन्हीकडून

1990 च्या दशकाच्या मध्यात टांझानिया आणि तिच्या देणगीदारांचे संबंध फार बिघडले होते. तेव्हा डेन्मार्कच्या पुढाकाराने कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ जेराल्ड हेलायनर यांच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. त्याच्या 1995 च्या अहवालाने सरकारला सुनावले, तसेच देणाऱ्यांनाही. पुढे दोन्ही बाजूंचे वेळोवेळी परीक्षण करणारा स्वतंत्र गट तिथे नेमला गेला. या पद्धतीचे मोल असे, की परीक्षण करणारा दोघांपैकी कोणाच्याच हाताखाली नव्हता.

एवढा मोठा गट नेमणे प्रत्येकाला जमणार नाही. पण वर्षअखेरीस दोन रकान्यांचा एक तक्ता सगळ्यांना करता येतो. डावीकडे प्रत्येक संस्थेचे आणि खात्याचे नाव. उजवीकडे समन्वयासाठी त्यांनी या वर्षी काय सोडले: कोणता वेगळा अहवाल बंद केला, कोणता दौरा एकत्र केला, कोणता जिल्हा किंवा क्षेत्र दुसऱ्याला दिले, कोणता प्रकल्प नाकारला. तक्ता स्थानिक भाषेत छापा आणि संसदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पटलावर ठेवा. उजवा रकाना भरलेला असेल तर पुढच्या वर्षी बैठकांची संख्या कमी करा, त्यांची तेवढी गरज राहिलेली नसेल. रिकामा असेल तर नवा जाहीरनामा लिहायला बसू नका. अध्यक्षाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला आहे का, ते आधी पाहा.